दोन गाड्या आणि एक राजदूत

(द्वितीय वर्ष कला)

वार्षिक अंकासाठी आपापला विषय कागदावर लिहून द्या, असे सरांनी सांगितले तेव्हा मी लिहून दिले : "शर्यतीच्या दोन दुर्मीळ जुन्या गाड्यांची तुलना." सरांनी विषय मोठ्याने वाचला आणि वर्गात हशा पिकला. एक जण म्हणाला, हा लेख आयटीआयला पाठवून दे. मागच्या बाकावरून कोणी तरी विचारले, मुलीने गाड्यांवर काय लिहायचे? सर मात्र हसले नाहीत. "का लिहायचे आहे ते लेखातच सांग," एवढेच म्हणाले. ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम हशाला उत्तर देते. २०१९ मध्ये इटलीतील बोलोन्या येथील न्यायालयाने असा निर्णय दिला की, फेरारी २५० जीटीओ या गाडीचा आकार ही एक कलाकृती आहे आणि तिची नक्कल करून विकण्याचा अधिकार दुसऱ्या कोणास नाही. मोदेना येथील एक कंपनी तशा प्रतिकृती काढण्याच्या विचारात होती. तिच्याविरुद्ध फेरारीने दाद मागितली होती. म्हणजे चित्र, शिल्प आणि काव्य यांच्या पंगतीत न्यायालयानेच एका मोटारीला पाट मांडून दिला. तेव्हा कला शाखेच्या विद्यार्थिनीने तिच्यावर चार शब्द लिहिले तर काही अधर्म होईल असे मला वाटत नाही.

दुसरे कारण घरचे आहे. माझे वडील मेकॅनिक आहेत. पंढरपूर रस्त्याला त्यांचे पत्र्याचे गॅरेज आहे. शाळा सातवीला सुटली आणि पान्हा हाती आला, तो आजपर्यंत सुटला नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. रात्री अण्णा पावडर लावून हात घासतात, जेवतात आणि मग माझ्या मोबाईलवर जुन्या गाड्यांची इंजिने उलगडून दाखवणाऱ्या फिती बघत बसतात. त्यांना इंग्रजी येत नाही, ते मी सांगते. मला इंजिन कळत नाही, ते ते सांगतात. असा आमचा दोघांचा अभ्यास गेले वर्षभर चालला आहे. या लेखात जे बरे असेल त्यातले निम्मे त्यांचे समजावे.

आता त्या दोन गाड्या.

पहिली जर्मनीची, मर्सिडीज-बेंझ ३०० एसएलआर. ही १९५५ सालची शर्यतीची गाडी. त्या वर्षी इटलीतील 'मिल्ले मिल्या' या हजार मैलांच्या शर्यतीत स्टर्लिंग मॉस या इंग्रज चालकाने हिच्यातून पहिला क्रमांक पटकावला. वेळ लागला १० तास ७ मिनिटे ४८ सेकंद. सरासरी वेग ताशी सुमारे १५७ किलोमीटर, आणि तोही गावागावांतून जाणाऱ्या रोजच्या रस्त्यांवर. शेजारी डेनिस जेन्किन्सन हा पत्रकार बसला होता. पुढची वळणे त्याने कागदाच्या एका लांब गुंडाळीवर टिपून आणली होती आणि गुंडाळी उलगडत तो हाताच्या खुणांनी मॉसला ती सांगत होता.

याच गाडीच्या सांगाड्यावर छप्पर चढवून कंपनीने दोन बंद गाड्या तयार केल्या. दोनच. दारे पंखासारखी वर उघडणारी. त्या मेक्सिकोतील लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरवायच्या, असा बेत होता. पण ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल माँ येथे भयंकर अपघात झाला. पिएर लव्हेग याची ३०० एसएलआर दुसऱ्या गाडीवर आदळून उडाली आणि प्रेक्षकांत गेली. लव्हेग तर गेलाच, शिवाय ८० हून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले. मेक्सिकोची शर्यत रद्द झाली. वर्षअखेर मर्सिडीजने शर्यतीतून अंग काढून घेतले. बंद गाड्या दोन्ही तशाच राहिल्या. त्या एकाही शर्यतीत धावल्या नाहीत. रुडॉल्फ उलेनहाउट हे कंपनीचे मोठे अभियंते. त्यांनी त्यातील एक गाडी जाण्यायेण्यासाठी वापरायला काढली. त्यावरून या गाड्यांना 'उलेनहाउट कूपे' असे नाव पडले.

इंजिन एका ओळीत आठ सिलिंडरचे, तीन लिटरचे, शक्ती सुमारे ३०० अश्वशक्ती. वेग ताशी २९० किलोमीटरच्या घरात. विशेष म्हणजे यात वॉल्व्ह मिटवायला स्प्रिंगच नाही. मला हे कळेना, तेव्हा अण्णांनी आमच्या घराच्या दाराशी उभे राहून समजावले. नेहमीच्या इंजिनात आपण दार ढकलून उघडतो आणि स्प्रिंग ते ओढून मिटवते. फार वेगाने उघडझाप करायची झाली की स्प्रिंग मागे पडते. इथे जर्मनांनी दार मिटवायलाही दुसरा माणूस उभा केला आहे. इतके सांगून ते म्हणाले, "हे करणारा माणूस हुशार खरा, पण दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही." हे वाक्य पुढे उपयोगी पडणार आहे.

दुसरी गाडी इटलीची, फेरारी २५० जीटीओ. नावातील २५० म्हणजे एका सिलिंडरचे घनसेंटिमीटर. असे बारा सिलिंडर, म्हणजे हेही इंजिन तीन लिटरचेच. हिचीही शक्ती सुमारे ३०० अश्वशक्ती. जीटीओतील 'ओ' म्हणजे 'ओमोलोगातो', शर्यतीसाठी मान्यता मिळालेली. वास्तविक नियमाप्रमाणे शंभर गाड्या बनवल्याशिवाय ती मान्यता मिळत नसे. पण एंझो फेरारी यांनी ही आपल्या आधीच्याच गाडीची सुधारलेली आवृत्ती आहे असे सांगून काम साधले, आणि १९६२ ते १९६४ या काळात गाड्या काढल्या अवघ्या ३६. आखणी जोत्तो बिझ्झारिनी यांनी सुरू केली होती. १९६१ च्या अखेरीस मालकाशी बिनसून काही प्रमुख मंडळी एकदम बाहेर पडली, त्यांत तेही गेले. उरलेले काम माउरो फोर्गिएरी या २६ वर्षांच्या अभियंत्याच्या अंगावर आले. आपल्यापेक्षा फक्त सात वर्षांनी मोठा! पत्रा स्कालिएत्ती यांच्या कारखान्यात हाताने ठोकलेला, त्यामुळे कोणत्याही दोन जीटीओ तंतोतंत सारख्या नाहीत. आत वेग दाखवणारा काटाच नाही. शर्यतीत तो बघायला सवड कोणाला? या गाडीने १९६२, १९६३ आणि १९६४ असे सलग तीन वर्षे आपल्या गटाचे विजेतेपद फेरारीला मिळवून दिले.

आता किमती. उलेनहाउट कूपेपैकी एक गाडी कंपनीने ५ मे २०२२ रोजी श्टुटगार्ट येथील आपल्या संग्रहालयात, निमंत्रितांपुरत्या लिलावात विकली. किंमत आली १३ कोटी ५० लाख युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे अकराशे कोटी रुपये. तोवर कोणत्याही मोटारीला एवढी किंमत लिलावात आली नव्हती. दुसरी गाडी कंपनीपाशीच राहिली. जीटीओची एक गाडी २०१८ मध्ये ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली आणि दुसरी नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५ कोटी १७ लाख डॉलरना, म्हणजे सुमारे ४३० कोटी रुपयांना.

आकडे पाहिले की कोणीही म्हणेल, तुलना संपली. छत्तीसांपेक्षा दोन दुर्मीळ, अकराशे कोटी चारशेपेक्षा जास्त; तेव्हा मर्सिडीजच श्रेष्ठ. संग्राहकांच्या जगात हाच हिशेब चालतो. मला तो पटत नाही, आणि माझा हा लेख त्यासाठीच आहे.

माझे म्हणणे असे की, संग्राहकाने दोहोंतून एक निवडायची झाली तर जीटीओ निवडावी. त्याला कारणे आहेत.

पहिले कारण दुरुस्तीचे. जीटीओच्या बारा सिलिंडरच्या इंजिनाचे घराणे मोठे आहे. फेरारीच्या कितीतरी गाड्यांत त्याच जातीची इंजिने होती. त्यामुळे ते उलगडून पुन्हा बसवणारे कारागीर गेली साठ वर्षे तयार होत राहिले, एकाने दुसऱ्याला शिकवले. मर्सिडीजचे आठ सिलिंडरचे इंजिन शर्यतीच्या मूठभर गाड्यांपुरतेच जन्मले आणि कंपनीच्या कुंपणात राहिले. आज ती गाडी घेणाऱ्याजवळ अकराशे कोटी असतील. पण ती खोकू लागली तर त्याला कारखान्याच्याच दारात जावे लागणार. अण्णांच्या भाषेत सांगायचे तर, ज्या गाडीचा मेकॅनिक एकच, त्या गाडीचा खरा मालक तो मेकॅनिक.

दुसरे कारण चालवण्याचे. छत्तीसांतली एक गाडी शर्यतीत चेपली तरी ती पुन्हा ठोकून उभी करतात. जीटीओंच्या बाबतीत हे अनेकदा झाले आहे. निक मेसन हे 'पिंक फ्लॉइड' या वाद्यवृंदाचे ड्रमवादक. त्यांनी १९७७ मध्ये सुमारे ३७ हजार पौंडांना एक जीटीओ घेतली. हीच गाडी १९६२ साली ल माँच्या शर्यतीत तिसरी आली होती. ती त्यांनी काचेत ठेवली नाही, जुन्या गाड्यांच्या शर्यतींतून पळवली. दोनांतली एक गाडी मात्र कोण पळवील? मालकाचा हात थरथरणारच. म्हणजे जी दुर्मीळता तिची किंमत वाढवते, तीच तिचे चालणे थांबवते. गाडीचे गाडीपण मग उरले कुठे?

येथे कोणी म्हणेल, जगात दोनच उरलेली वस्तू जपू नये काय? ताजमहालात कोणी संसार थाटतो काय? हा आक्षेप मी खरोखरच विचारात घेतला, कारण तो खोटा नाही. उलेनहाउट कूपे चिरडली तर तिच्याबरोबर एका काळची बुद्धिमत्ता नष्ट होईल. म्हणून तिची योग्य जागा संग्रहालय आहे, जिथे तिकीट काढून कोणाचाही मुलगा वा मुलगी तिला पाहू शकते. माझा विरोध तिला जपण्यास नाही. एकट्याच्या तिजोरीत ठेवण्यास आहे. जी सर्वांनी पाहायची वस्तू, ती संग्रहालयाने ठेवावी. जी एकाने बाळगायची, ती चालणारी असावी. संग्राहकाला सल्ला द्यायचा तर तो एवढाच.

तिसरे कारण मला सर्वांत जवळचे आहे, आणि ते एका शाळेचे आहे.

अमेरिकेत टेक्सास राज्यात व्हिक्टोरिया नावाचे गाव आहे. १९६० च्या दशकात तिथल्या एका धनिकाने आपली जीटीओ गावच्या हायस्कूलला देऊन टाकली. शर्यतीतले तिचे दिवस सरले होते. तेव्हा ती केवळ एक जुनी गाडी होती. शाळेत मोटार दुरुस्तीचा वर्ग होता. मुले तिच्यावर काम शिकली. शाळेच्या मिरवणुकीत ती फिरली. १९७२ मध्ये शाळेने ती ६,५०० डॉलरना विकली. त्या वेळचे ते पन्नास हजार रुपयांच्या आसपास झाले. पुढे ती बरीच वर्षे ओहायो राज्यात उघड्यावर, एका ट्रेलरवर उभी होती. तिच्या बहिणींच्या आजच्या किमती वर दिल्याच आहेत.

ही हकीकत सांगणारे बहुतेक जण शाळेला हसतात. केवढे नुकसान, म्हणतात. मला हसू आले नाही. त्या शाळेतल्या कोणा मुलाच्या हाताला एक दिवस त्या इंजिनाचे काळे तेल लागले असेल. पन्नास-साठ वर्षांत ज्या काही हातांतून त्या ३६ गाड्या गेल्या, त्यांत तिचा इतका चांगला उपयोग कोणी केला असेल असे मला वाटत नाही. शाळेने सोने मातीमोल विकले असे म्हणणे सोपे आहे. पण १९७२ साली शाळेपुढे सोने नव्हते. एक जुनी गाडी होती आणि शाळेच्या गरजा होत्या.

हे मी इतक्या खात्रीने लिहिते, कारण आमच्या घरीही एक गाडी विकली गेली.

ती राजदूत होती. एका दूधवाल्याला दुरुस्तीचे पैसे देणे जमेना, तेव्हा तो ती गॅरेजमध्येच सोडून गेला. टाकी गंजलेली, पिस्टन अडकलेला. अण्णांनी फावल्या वेळात, भंगारातून एकेक भाग शोधून सात-आठ महिन्यांत ती चालू केली. त्या गाडीवर मागे बसून मी हायस्कूलला गेले. तिचा आवाज पुलापासून ऐकू येई आणि आई भाकरी तव्यावर टाकी. बारावी झाल्यावर नातेवाइकांनी स्थळे आणायला सुरुवात केली. त्या वर्षी गॅरेजही बसले होते. एक दिवस शहरातले एक साहेब आले. जुन्या मोटारसायकली जमवण्याचा त्यांना शौक होता. त्यांनी अठरा हजार मोजले. त्यातून माझी फी, पुस्तके आणि संगणकाचा कोर्स झाला. स्थळे परत गेली.

आज गल्लीतले लोक अण्णांना म्हणतात, "दोन वर्षं थांबला असतास तर तिप्पट आले असते." अण्णा काही बोलत नाहीत. मी त्यांच्या वतीने इथे लिहिते. दोन वर्षे थांबले असते तर गाडीला तिप्पट आले असते, आणि हा लेख लिहायला मी कॉलेजात नसते. वस्तूची किंमत बाजारात एक असते आणि गरजेच्या दिवशी दुसरी असते. कोणती खरी, हे विकणाऱ्यालाच विचारावे.

म्हणूनच मर्सिडीजच्या एका गोष्टीला मी मनापासून नमस्कार करते. त्या एका गाडीचे जे पैसे आले ते कंपनीने एका निधीत घातले. पर्यावरण आणि कार्बन कमी करण्याचे शास्त्र शिकणाऱ्या तरुण-तरुणींना त्यातून शिष्यवृत्त्या द्यायच्या असे ठरवले. लोखंडाचे शिक्षण होऊ शकते, हे मला आमच्या राजदूतीमुळे ठाऊक होते. अकराशे कोटींचेही होते, हे पाहून बरे वाटले. तेव्हा माझा निकाल असा : विकावी मर्सिडीजसारखी आणि बाळगावी जीटीओसारखी.

गेल्या दिवाळीनंतर अण्णांबरोबर मी सुटे भाग आणायला शहरात गेले होते. वाटेतच त्या साहेबांचा बंगला होता. अण्णांना राहवेना. साहेबांनी आदराने आत घेतले, चहा दिला. राजदूत दिवाणखान्याच्या बाजूला संगमरवरी फरशीवर उभी होती. काय सुंदर दिसत होती! नवा रंग, नवे क्रोम, आरशावर बोट उमटेल अशी चकाकी. अण्णा तिच्याभोवती फिरले. टाकीवर टिचकी मारली. टाकी रिकामी वाजली.

"साहेब, एक किक मारू का?"

"नको हो," साहेब हसून म्हणाले, "फरशीवर ऑइल सांडेल. आणल्यापासून चालूच केली नाही."

साहेब वाईट नाहीत. त्यांनी गाडीवर आमच्यापेक्षा जास्त खर्च केला आहे आणि त्यांचे तिच्यावर प्रेमही आहे. तरी परतीच्या एसटीत अण्णा बराच वेळ गप्प होते. मग एवढेच म्हणाले, "उभी राहिली की आतून गंजते बाळ. वरून कळत नाही."

वर्गात हसलेल्या मित्रांनो, हा लेख मी का लिहिला ते आता तुम्हांला समजले असेल. साडेचारशे कोटींची गाडी आपल्यापैकी कोणी घेणार नाही. परंतु आजोबांचे शिलाई मशीन, चुलत्यांची सायकल, वाड्यातला ग्रामोफोन असे काही ना काही प्रत्येकाच्या घरी आहे. ते अडचणीला विकावे लागले तर खंत करू नये. ठेवता आले तर मात्र चालते ठेवावे.

हा अंक त्या साहेबांच्या हाती पडेल असे नाही. पडलाच तर माझी एक विनंती आहे. महिन्यातून एकदा गाडी अंगणात काढावी. थोडे पेट्रोल घालावे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला विसरू नये, ती टू-स्ट्रोक आहे. थंडीत चोक ओढावा लागतो. पहिल्या किकेला ती कधीच ऐकत नाही. तिसऱ्या किकेला हमखास सुरू होते.